फोडणीचा वास येईना झाला तर

शेगडीवर फोडणी करपली, घरात धूर भरला, बाहेरच्या खोलीतला माणूस खोकत आत आला आणि कढईपाशी उभ्या असलेल्या बाईंना मात्र काहीच कळलं नव्हतं. कोरोनाच्या दोन मोठ्या लाटांत हा प्रसंग कितीतरी स्वयंपाकघरांत घडला. ताप उतरला, चाचणी निगेटिव्ह आली, पण नाक काही परतलं नाही.

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघालं की शेंद्र्याच्या पुढे करमाड लागतं. कोरोनाकाळात या गावाचं नाव देशभर गेलं ते एका भीषण बातमीमुळे. ८ मे २०२० च्या पहाटे, जालन्याहून भुसावळच्या दिशेने पायी निघालेले आणि थकून रुळांवरच झोपलेले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली सापडले. जगण्यामरण्याच्या त्या दिवसांत ‘वास येत नाही’ ही तक्रार कुणाच्या खिजगणतीत असणार? केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वास किंवा चव जाणं हे कोरोनाच्या लक्षणांच्या यादीत घातलं, तेही १३ जून २०२० ला.

लाटा ओसरल्या, तरी प्रश्न तेच राहिले. कुणाचा वास तेव्हापासून अर्धामुर्धाच आहे, तर कुणाचा हल्लीच्या सर्दीतापात गेला आहे. ‘चव गेली की वास?’, ‘नाकातली नस मेली का?’, ‘गोळ्या घेऊ का?’, ‘नाकात तेल सोडू का?’ हे प्रश्न तुमचेही असतील, तर पुढचा मजकूर तुमच्यासाठी आहे.

आधी ठरवा: गेलं काय?

बहुतेक जण म्हणतात, ‘तोंडाला चव नाही.’ प्रत्यक्षात जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी म्हणजे मांसाच्या रश्श्यात किंवा टोमॅटोत असते तशी भरीव चव, एवढंच कळतं. येसर आमटी आणि साधी आमटी यांतला फरक जीभ सांगत नाही. घास चावताना त्याचा वास घशाकडून वर नाकात चढतो आणि फरक तिथे कळतो. म्हणून नाक बंद पडलं की जेवण पुठ्ठ्यासारखं लागतं.

तिखटाची गंमत आणखी वेगळी. तिखट ही चवही नाही आणि वासही नाही, ती चक्क जळजळ आहे, आणि ती चेहऱ्याच्या वेगळ्या मज्जातंतूकडून कळते. त्यामुळे वास पूर्ण गेलेल्या माणसालाही ठेचा झोंबतो, बाम लावला की नाकात गार वाटतं, कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं. इथेच फसगत होते. ‘बाम कळतो म्हणजे नाक ठीक आहे’ असं समजू नका.

घरच्या घरी अशी परीक्षा घ्या:

- जिभेवर आळीपाळीने साखर, मीठ आणि लिंबाचा थेंब ठेवा. तिन्ही कळले तर जीभ शाबूत आहे.
- नाक चिमटीत धरून बडीशेप किंवा वेलदोडा चावा. दोन-चार वेळा चावून झाल्यावर चिमूट सोडा. सोडताक्षणी घमघमाट आला, तर वास जागा आहे.
- डोळे मिटून बसा. घरातल्या कुणालातरी लवंग, कॉफीची पूड, खोबरेल आणि एक रिकामी वाटी उलटसुलट क्रमाने नाकासमोर धरायला सांगा. आधी एक नाकपुडी, मग दुसरी. रिकामी वाटी विसरू नका. पुष्कळांना तिच्यातही वास येतो, आणि मग बाकीच्या उत्तरांवर किती भरवसा ठेवायचा ते कळतं.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण नाक आपल्या बिघाडाची वर्दी स्वतःहून देत नाही. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या साथीने २०२० मध्ये वास मोजणारं यंत्र वापरून कोरोनाबाधितांची तपासणी केली. ‘मला काही त्रास नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांची वासाची जाण प्रत्यक्षात घटलेली निघाली.

नस मेली का?

बहुतेकांची नाही. नाकाच्या छताशी टपाल तिकिटाएवढं एक अस्तर असतं. वास टिपणाऱ्या चेतापेशी त्यातच असतात आणि त्यांच्या भोवती त्यांना सांभाळणाऱ्या आधारपेशी. विषाणूला आत शिरायला जो दरवाजा लागतो तो या आधारपेशींवर आहे, चेतापेशींवर जवळजवळ नाहीच. म्हणजे घाव पडतो तो आधी सांभाळणाऱ्यांवर, आणि त्या कोलमडल्या की टिपणाऱ्यांचं काम थांबतं. म्हणूनच नाक चोंदलेलं नसताना, शेंबूड नसताना, एका सकाळी अचानक वास गायब होतो. साध्या सर्दीत सहसा आधी नाक बंद होतं, मग वास जातो.

हे अस्तर आयुष्यभर नव्या पेशी तयार करत राहतं. भरवसा ठेवायला ही मोठी गोष्ट आहे. काही जणांत मात्र सूज रेंगाळते आणि नव्या पेशींची वाढ अडते. त्यांचं दुखणं लांबतं.

किती दिवस वाट पाहायची?

ब्रिटिश मेडिकल जर्नलने जुलै २०२२ मध्ये १८ अभ्यासांचा एकत्रित आढावा छापला. त्याच्या अंदाजानुसार वास गेलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोकांचा वास ३० दिवसांत परतला, ९० दिवसांत सुमारे ९० टक्क्यांचा आणि १८० दिवसांत जवळपास ९६ टक्क्यांचा. स्त्रियांमध्ये आणि सुरुवातीलाच ज्यांचा वास फार गेला त्यांच्यात सुधारणा कमी दिसली. ओमायक्रॉन आल्यापासून वास जाण्याचं प्रमाणच पुष्कळ घटलं आहे.

त्यावरून वेळापत्रक असं आखा:

- पहिले दोन आठवडे: विश्रांती घ्या, ताप-खोकला असेल तर मास्क लावा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून अंतर ठेवा. फक्त नाकासाठी औषध शोधत फिरू नका.
- दोन आठवड्यांनंतरही वास नसेल: खाली दिलेला सराव सुरू करा.
- महिना-दीड महिना उलटला: कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. कारण कोरोनाच असेल असं नाही. नाकातले मांसल कोंब, ॲलर्जी, जुना सायनस, वर्षानुवर्षांची तपकीर यांनीही वास जातो. उतारवयात तो हळूहळू गेला, तर कंपवाताची ती पूर्वसूचनाही असू शकते.

काही लक्षणांत एक दिवसही थांबू नका. डोक्याला मार बसल्यानंतर वास गेला, एकाच नाकपुडीतून रक्त येतं, हातपाय लुळे पडले किंवा बोलणं अडखळतं, चेहऱ्याची एक बाजू सुजली, दुखते किंवा बधिर झाली, नाकात काळी खपली दिसते, दात हलतात, एकाचे दोन दिसतात. यातली शेवटची लक्षणं २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसच्या रूपात पाहिली आहेत. मधुमेह असणाऱ्यांनी आणि स्टिरॉइड घेतलेल्यांनी ती विशेष लक्षात ठेवावीत. रुग्णवाहिकेसाठी १०८.

मसाल्याच्या डब्यातून नाकाचा सराव

जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये एक साधी पद्धत तपासली. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास रोज दोनदा, १२ आठवडे घ्यायचे. आज जगभरचे तज्ज्ञ सर्वांत आधी हाच सल्ला देतात, कारण खर्च नगण्य आणि अपाय जवळजवळ नाही. त्याने सगळ्यांचा वास परत येतो असं नाही, पण न करणाऱ्यांपेक्षा करणाऱ्यांना फायदा झालेला दिसतो.

महागडा संच मागवण्याची गरज नाही. झाकणाच्या चार काचेच्या बाटल्या घ्या. एकीत ठेचलेली लवंग घाला, दुसरीत गुलाबाच्या अत्तराचा बोळा, तिसरीत निलगिरी तेलाचे दोन थेंब टाकलेला कापूस. चौथीत लिंबाची साल. जालन्याच्या बाजूला मोसंबीला तोटा नाही, तेव्हा तिची ताजी साल चुरगळून टाकलीत तरी चालेल. साल रोज बदला, लवंग आठवड्याने.

1. शांत जागी बसा. सकाळी चहाच्या आधी आणि रात्री जेवणाच्या आधी ही वेळ बऱ्याच जणांना जमते.
2. एक बाटली नाकाजवळ धरा. जोरात ओढू नका. दहा-पंधरा सेकंद सशासारखे हलके हलके हुंगा.
3. हुंगताना ती वस्तू आठवा: लवंग घातलेला मसालेभात, गुलाबाचा हार, सोललेली मोसंबी. ही आठवण सरावाचाच भाग आहे.
4. अर्धा मिनिट थांबा, मग पुढची बाटली.
5. वहीत तारीख, वास आणि ० ते १० मधला आकडा लिहा.

निलगिरीबाबत एक सावधगिरी. तिचा गारवा वास नसतानाही जाणवतो, त्यामुळे वहीत गारव्याला गुण देऊ नका. तेल नाकात सोडू नका, आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. निलगिरीचं तेल पोटात जाणं लहान मुलांना फार घातक असतं.

वहीत नुसता आकडा लिहिण्यापेक्षा शब्दही लिहा. या बाबतीत मराठी माणूस श्रीमंत आहे. खमंग, उग्र, कुबट, खवट, आंबूस, करपट, ओशट, दरवळ. प्रत्येक शब्दाचा वास वेगळा. ‘लवंग ३, उग्र पण ओळख पटली नाही’ अशी नोंद डॉक्टरांना ‘थोडं थोडं येतं’ यापेक्षा कितीतरी उपयोगी पडते.

बारा आठवड्यांनी चारही वास बदलून दुसरे घ्या: जिरे, आलं, दालचिनी, चंदन. सहा महिने चिकाटी ठेवावी लागते. पहिल्या महिन्यात काहीच कळत नाही म्हणून बहुसंख्य लोक तिथेच सोडून देतात, आणि हीच या उपायातली सगळ्यात मोठी चूक.

सगळंच करपट लागतं तेव्हा

दोन-तीन महिन्यांनी काहींचा वास परततो तो वाकडा होऊन. कॉफी सडक्या कचऱ्यासारखी येते, कांद्याची फोडणी असह्य होते, टूथपेस्टने उमासे येतात. वैद्यकात याला पॅरोस्मिया म्हणतात. वैताग आणणारा प्रकार खरा, पण बहुधा नवे चेतातंतू जुळू लागल्याची ही खूण असते. जुळणी अजून अर्धवट असल्याने मेंदूला संदेश चुकीचा जातो.

त्रास देणारे पदार्थ बहुतेकांचे सारखेच: भाजलेलं, तळलेलं, आणि कांदा-लसूण-अंडी यांसारखं गंधकाचे घटक असलेलं. म्हणजे आपल्याकडचा काळा मसाला, भाजलेलं खोबरं, दाण्याचा कूट, हिंगाची फोडणी, सगळीच आवडती मंडळी. काही काळ त्यांना रजा द्या. गरम पदार्थाची वाफ वास उधळते, म्हणून अन्न कोमट किंवा गार करून खा. दहीभात, ताक, बिनफोडणीची मूगडाळ-खिचडी, फळं, पनीर बहुधा सोसतं. स्वयंपाक दुसऱ्याने करावा आणि त्या वेळी तुम्ही ओसरीवर बसावं, एवढ्यानेही जेवण जातं. सुनेने ‘आज फोडणी नको’ म्हटलं तर घरच्यांनी त्याला नखरे समजू नये.

ज्यांचा वास पूर्ण गेला आहे त्यांचं उलट होतं. बेचव लागतं म्हणून हात मिठाकडे आणि साखरेकडे जातो. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर मीठ-साखर मोजूनच घाला. त्याऐवजी लिंबू, चिंच, ठेचा, कुरकुरीत पापड, डाळिंबाचे दाणे असं काही ताटात ठेवा, म्हणजे जिभेला आणि दातांना तरी काम मिळेल. वजन घटू लागलं तर ते डॉक्टरांना सांगा. मन उदास राहत असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. तान्ह्या लेकराच्या टाळूचा वास न येणाऱ्या आईचं दुःख थट्टेवारी नेण्यासारखं नसतं.

नाकात हे घालू नका

- लिंबाचा रस: २०२१ च्या लाटेत याचे व्हिडिओ फिरले आणि केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाने ते खोटे ठरवले. आम्लाने नाकाचं अस्तर भाजतं.
- नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याची जलनेती: न उकळलेल्या पाण्यातला एक अमिबा नाकावाटे मेंदूत शिरू शकतो. त्याने होणाऱ्या मेंदूज्वराचे बळी केरळने २०२४ आणि २०२५ मध्ये पाहिले. नाक धुवायचंच असेल तर पाणी उकळून, गार करून, मीठ योग्य प्रमाणात घालून. नेतीने कोंदलेलं नाक मोकळं होतं, गेलेला वास परत येतो असं नाही.
- जस्ताचा स्प्रे किंवा जेल: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये अशा उत्पादनांविरुद्ध इशारा दिला, कारण त्यांनीच कायमचा वास गेल्याच्या तक्रारी आल्या होत्या.
- मनानेच तेल: नस्य घ्यायचं तर नोंदणीकृत वैद्यांकडे. मोबाइलवरचा व्हिडिओ बघून तेल ओतलं तर ते फुप्फुसात उतरू शकतं.
- उकळत्या भांड्यावर वाफ: भांडं उलटून भाजल्याच्या घटना दर लाटेत घडल्या.

स्टिरॉइडच्या गोळ्यांचं काय? नेदरलँड्समध्ये कोरोनानंतर वास गेलेल्यांना दहा दिवस प्रेडनिसोलोन देऊन, दुसऱ्या गटाला औषध नसलेली गोळी देऊन तुलना झाली. फरक पडला नाही. पूर्वीची चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणू नका. नाकात मांसल कोंब किंवा ॲलर्जी असेल तर स्टिरॉइड स्प्रे उपयोगी पडतो, पण ते तपासून ठरवण्याचं काम डॉक्टरांचं. रक्तातल्या प्लेटलेटची इंजेक्शनं अजून प्रयोगाच्या पायरीवर आहेत. त्यासाठी कुणी हजारो रुपयांचं पॅकेज सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय पैसे भरू नका.

नाक रजेवर असताना घर आणि शेत

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन नावाचं दुर्गंधी रसायन मिसळतात. तुमचं नाक बंद असेल तर ही सारी योजना तुमच्यापुरती बाद.

- रात्री झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करा. नळीवर छापलेली मुदत बघा. जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का तपासा, काडी पेटवून कधीच नाही.
- गॅसगळती ओळखणारा भोंगा बाजारात मिळतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून भोंगा जमिनीजवळ लावा.
- गळतीचा संशय आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ वर फोन करा.
- उरलेल्या भाजीच्या डब्यावर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. दूध, मटण, खवट झालेलं तेल दुसऱ्याच्या नाकाने तपासून घ्या.

शेतकरी घरात धोका याहून मोठा. धान्याला लावायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास ही त्याची एकमेव सूचना. वास येत नसेल तर त्या गोळ्या तुम्ही हाताळू नका, आणि ज्या खोलीत धान्याला गोळ्या लावल्या आहेत तिथे कुणीच झोपू नका. कपाशीवरची फवारणी या काळात दुसऱ्याकडे सोपवा. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर जळू लागला तर त्याचा वास तुम्हाला येणार नाही, तेव्हा गडी किंवा मुलगा सोबत असू द्या.

खाणावळ, मसाला कांडप, रसायनांचा कारखाना अशा ठिकाणी कामाला असाल, तर मुकादमाला किंवा सुरक्षा अधिकाऱ्याला सांगून ठेवा. लपवून ठेवण्यात धोका तुमचाच आहे.

जायचं कुठे, मागायचं काय

करमाड परिसरातल्या लोकांनी आधी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात दाखवावं. तिथून पुढे जालना रस्त्यावरच चिकलठाण्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, लोकांच्या तोंडी ‘मिनी घाटी’. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. शहरातली ‘घाटी’, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येते, त्यामुळे तिथे केसपेपरचं शुल्क वेगळं लागू शकतं. शेंद्रा औद्योगिक वसाहतीत कामाला असाल आणि पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर तुमच्यावर आणि कुटुंबावर त्या योजनेतून उपचार होतात. घरबसल्या सल्ला हवा असेल तर ई-संजीवनीवर मोफत मिळतो.

तज्ज्ञ बहुधा दुर्बिणीने नाक आतून पाहतील. कोरोनानंतर अचानक गेलेल्या वासासाठी प्रत्येकाला सीटी किंवा एमआरआय लागत नाही. तो सांगितला तर ‘यातून नेमकं काय शोधायचं आहे?’ असं विचारा. विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. तसेच:

- लेखी मागणी केल्यावर उपचाराच्या कागदपत्रांच्या प्रती ७२ तासांत मिळायला हव्यात.
- खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी बंधनकारक केलं आहे.
- औषधं अमुकच दुकानातून घ्या अशी सक्ती करता येत नाही.
- २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत वास जाणं नाही. ‘प्रमाणपत्र काढून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नका.

निघताना पिशवीत जुन्या चाचण्यांचे कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि सरावाची वही घ्या. वहीच्या पहिल्या पानावर वास गेल्याची तारीख, त्या वेळी नाक चोंदलं होतं की नव्हतं, आणि त्यानंतर पहिल्यांदा ओळखू आलेला वास कोणता, एवढं लिहून ठेवा. ओपीडीत डॉक्टर सर्वांत आधी बहुधा हेच विचारतील.